तारा थरथरतो, की दुर्बीण चुकते?

गेल्या हिवाळ्यात शहराच्या उजेडापासून लांब, एका माळरानावर मी देवयानी दीर्घिकेचा फोटो काढत होतो. पाच मिनिटांचे एक्सपोजर संपले आणि लॅपटॉपच्या पडद्यावर चित्र उमटले. भोवतीचे तारे ठिपक्यांऐवजी वाकड्यातिकड्या अळ्यांसारखे दिसत होते. चूक माझीच होती. आणि तशीच चूक मी तीस वर्षांपूर्वी एका वॉर्डातही केली होती.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून आकाश सरकताना दिसते, दर सेकंदाला सुमारे १५ विकला. एका अंशाचे ३६०० भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे विकला. डोळ्यांना हे सरकणे जाणवत नाही. पण देवयानीचा २५ लाख प्रकाशवर्षांवरून येणारा प्रकाश इतका क्षीण असतो, की कॅमेऱ्याला तो कित्येक मिनिटे साठवावा लागतो. तेवढा वेळ दुर्बीण ताऱ्यांच्या बरोबरीने फिरायला हवी. हे काम तिच्या मोटरवर फिरणाऱ्या बैठकीचे, म्हणजे माउंटचे. संगणकीय माउंटला देवयानीचे नाव सांगितले की तो दुर्बीण बरोबर तिकडे वळवतो. पण नेम धरणे वेगळे आणि तो पाच मिनिटे टिकवणे वेगळे. माउंटमधल्या दातेरी चक्रांत घडणीची बारीक कसर असतेच. त्यामुळे तो कधी जरा पुढे धावतो, कधी मागे रेंगाळतो. साध्या माउंटमध्ये ही चूक २०-३० विकलांपर्यंत जाते. माझ्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल दीड विकलेचा. म्हणजे तारा पंधरा-वीस पिक्सेल भरकटतो.

पूर्वी ही चूक माणूस सुधारत असे. ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबल यांनी कॅलिफोर्नियातल्या विल्सन पर्वतावरच्या १०० इंची दुर्बिणीतून देवयानीची छायाचित्रे घेतली. त्यात सापडलेल्या एका रूपविकारी ताऱ्यामुळे देवयानी आपल्या आकाशगंगेबाहेर असल्याचे कळले. त्या काळी निरीक्षक कडाक्याच्या थंडीत नेत्रिकेला डोळा लावून बसत आणि एक तारा फुलीवर धरून ठेवत. हबल यांचे सहकारी मिल्टन ह्युमेसन त्या पर्वतावर सामान वाहणारी खेचरे हाकत, पुढे वेधशाळेत झाडलोट करू लागले आणि निरीक्षणातल्या चिकाटीमुळे खगोलशास्त्रज्ञ झाले.

आज हे काम ‘ऑटोगायडिंग’ करते. मोठ्या दुर्बिणीवर एक छोटी दुर्बीण बसवतात, तिला छोटा कॅमेरा जोडतात. हा कॅमेरा एकाच ताऱ्याचे सतत फोटो घेत राहतो. संगणक त्या ताऱ्याचा मध्यबिंदू पिक्सेलच्याही अंशापर्यंत मोजतो आणि तो जागचा हलला असेल तर माउंटला क्षणभराची दुरुस्ती पाठवतो.

मी हौसेने दर अर्ध्या सेकंदाला फोटो लावला आणि दिसेल ती चूक शंभर टक्के सुधारायची आज्ञा दिली. इथेच फसलो. हवेच्या उष्ण-थंड थरांमुळे तारा जागच्या जागी एक-दोन विकला थरथरत असतो. संगणकाला वाटले, माउंट चुकला. त्याने माउंट हलवला. तोवर तारा आपणहून परतला होता, पण माउंट आता खरोखरच चुकीच्या जागी होता. मग उलट दिशेने धक्का. पाच मिनिटे हाच खेळ चालला.

निवासी डॉक्टर असताना एका रात्री मधुमेहाच्या एका आजींची साखर ३२० आली. मी त्वचेखाली इन्सुलिन दिले. तासाभराने ३०० दिसली, म्हणून पुन्हा दिले. नंतर आणखी एकदा. या इन्सुलिनचा जोर दोन-चार तासांनी चढतो, हे पुस्तकात वाचलेले होते. पण समोरच्या आकड्यापुढे धीर राहिला नाही. पहाटे आजी घामाने चिंब, साखर ४५. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर त्या शुद्धीवर आल्या. त्या थोडक्यात वाचल्या आणि मीही.

माळरानावर ती पहाट आठवली. गाइड कॅमेऱ्याचे एक्सपोजर मी अडीच सेकंदांवर नेले. तेवढ्या वेळात हवेची थरथर बरीचशी सरासरीत विरते. दुरुस्तीचे प्रमाण ६५ टक्क्यांवर आणले आणि ठरावीक मर्यादेहून लहान हालचालीकडे दुर्लक्ष करायला सांगितले. पुढच्या फोटोत तारे गोल आले.

बाह्यरुग्ण विभागात हल्ली अनेक जण रक्तदाबाची वही घेऊन येतात. एका दिवसात बारा-पंधरा नोंदी, आणि आकडा चढला की स्वतःच जास्तीची गोळी. रक्तदाब जिना चढल्यावर, भांडल्यावर, मोजण्याच्या धास्तीनेही हलतो. त्यासाठी पाच मिनिटे शांत बसा, मग एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळ-संध्याकाळ असे सात दिवस करा, पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा आणि ती डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, बोलणे अडखळत असेल, तर मात्र सरासरीची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा. एरवी आकडा थोडा हलला म्हणून गोळीला हात लावू नका.