चिक चॉकलेटची लेक

‘अलबेला’ची (१९५१) गाणी मंगरूळपीरला वरातीच्या बँडवर ऐकतच मी वाढलो. श्रेय आपण सी. रामचंद्रांना देतो, ते रास्तच; पण त्यांच्या साथीला ट्रम्पेट होता चिक चॉकलेट यांचा, म्हणजे गोव्यातल्या हळदोण्याच्या अँतोनियो झेवियर वाझ यांचा. पडद्यावरही ते दिसतात. मी मात्र वर्षानुवर्षे भगवानदादांचे पायच पाहत होतो! तबकड्यांवर वादकांची नावे तेव्हा सहसा छापत नसत.

चिक १९६७ साली गेले. त्यांची लेक इव्हॉन जॅझ गायिका झाली. सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस तिचे पती. बापाचे वाद्य, लेकीचा गळा. मग वारसा कसा? जॅझमध्ये ही भिंत पातळ असते. चिक यांचा आदर्श लुई आर्मस्ट्राँग वाजवी तसाच गाई; दोन्हींत श्वास घेण्याच्या जागा, ठेक्यामागे किंचित रेंगाळण्याची ढब एकच.