तलावांवरील पाहुणी बदके

परतीचा पाऊस ओसरून थंडीची चाहूल लागली, की नागपूर जिल्ह्यातील तलावांवर रानबदकांचे पहिले थवे उतरू लागतात. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक हे हिमालयाकडून व त्यापलीकडून येणारे. अडई व हळदी-कुंकू बदक मात्र येथलेच बारमाही रहिवासी होत.

या दिवसांत तलाव काठोकाठ भरलेला असल्यास थवे थोडे दिसतात. त्यावरून पक्षी आलेच नाहीत असा समज करून घेऊ नये. यांपैकी पुष्कळ बदके शेपटी वर करून डोके पाण्यात बुडवितात व तळचे बी, किडे टिपतात. हातभराहून खोल पाणी त्यांना फारसे उपयोगी नसते. धानासाठी पाणी सोडल्यावर काठ उघडा पडतो आणि तेथे त्यांची गर्दी होते. फासे व जाळीही नेमकी तेथेच लागतात!

पूर्वी परवाना काढून बदकांची शिकार करता येत असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही ही सवलत होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती संपली. तरी 'बदक म्हणजे मासळीसारखेच' ही समजूत अनेकांच्या मनात आहे. ग्रामसेवकांनी ती आधी दूर करावी. या गुन्ह्यास ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि एका वेळच्या कालवणापायी घर उघड्यावर पडते.

विषारी दाणे टाकणे तर त्याहून घातक. त्याच काठावर गुरे पाण्यावर येतात, आणि असे मेलेले पक्षी खाणाऱ्याच्या पोटातही ते विष जाते. असा दाणा आढळल्यास हात न लावता वनरक्षकास व पोलीस पाटलास तत्काळ कळवावे. गुरे तोवर दुसऱ्या काठाला न्यावीत.