खुराड्यातील कोंबडा बदलावा

रेवदंड्याच्या नारळ-पोफळीच्या वाड्यांतून कोंबड्या पाळणाऱ्यांनी एकाच कोंबड्याची वीण वर्षानुवर्षे चालू ठेवू नये. त्याचे कारण असे :

पेशींच्या पृष्ठभागावर 'मुख्य ऊतिसुसंगती संकुल' या नावाची प्रथिने असतात. ती रोगजंतूंचे तुकडे धरून रक्तातील पांढऱ्या पेशींना दाखवितात. त्यावरून शत्रूची ओळख पटते. प्रत्येक प्रकारचे प्रथिन ठराविकच तुकडे धरू शकते. म्हणून आईबापांकडून भिन्न प्रकार लाभलेल्या पिलास अधिक रोगजंतू ओळखता येतात. कोंबड्यांतील 'बी-२१' हा प्रकार मरेक रोगास चांगला प्रतिकार करतो. 'बी-१९' असलेल्या कोंबड्या त्यास सहज बळी पडतात.

उंदीर वासावरून भिन्न प्रकारचा जोडीदार पसंत करतात, असे १९७६ मध्ये प्रयोगांत आढळले. खुराड्यात कोंबडा एकच असल्यास कोंबडीला निवडीस वाव राहत नाही. ती निवड पाळणाऱ्याने करावयाची असते.

यास्तव घरच्याच पिलांतील कोंबडा विणीस ठेवू नये. दुसऱ्या गावचा निरोगी कोंबडा आणावा व तीन आठवडे वेगळा ठेवून मगच कोंबड्यांत सोडावा. मानमोडीची लस मात्र चुकवू नये. वाणातील विविधता लसीची जागा घेऊ शकत नाही. ग्रामसेवकांनी गावोगावच्या कोंबड्यांची अदलाबदल घडवून आणावी.