आधी कुत्र्याला तपासा, डॉक्टर

मानेवर औषधाचे चार थेंब टाकायचे आणि कुत्र्याचं शेपटीपर्यंत सगळं अंग बरं व्हायचं, हे होतं तरी कसं?

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो इथे २०११ साली डॉ. क्वाने स्टुअर्ट या पशुवैद्यांना रस्त्यावर राहणारा एक माणूस भेटला. त्याच्या कुत्र्याची कातडी भाजल्यासारखी झाली होती. डॉक्टरांनी ओळखलं, हा पिसवांचा प्रताप! पिसू चावली की तिची लाळ कातडीत उतरते. ज्या कुत्र्याला त्या लाळेची ॲलर्जी असते, त्याला मोजक्या चाव्यांनीही अनावर खाज सुटते. तो खाजवत राहतो, केस झडतात, जखमा चिघळतात. डॉक्टरांनी पिसवांचं साधं, स्वस्त औषध दिलं आणि काही दिवसांत कुत्रा ओळखू येईना, इतका सुधारला.

या कामी फार वापरलं जाणारं एक औषध म्हणजे फिप्रोनिल. मानेवर टाकलेले त्याचे थेंब कातडीवरच्या नैसर्गिक तेलात मिसळून एक-दोन दिवसांत अंगभर पसरतात. तेलाच्या ग्रंथींत ते साठून राहतं आणि महिनाभर थोडं थोडं बाहेर झिरपतं. पिसवांच्या मज्जातंतूंवर ते घाला घालतं. कुत्र्याच्या मज्जातंतूंवर मात्र त्याची पकड फारच ढिली. केवढी अचूक योजना!

रस्त्यावरच्या माणसाकडे हे औषध घ्यायलाही पैसे नसतात. स्टुअर्ट यांनी मग गरिबांच्या अन्नछत्राबाहेर टेबल मांडून मोफत तपासणी सुरू केली. ब्रिटनमध्ये २०१६ साली जेड स्टॅट आणि सॅम जोसेफ या पशुवैद्यांनी ‘स्ट्रीटव्हेट’ ही संस्था उभी केली. तिथले डॉक्टर पाठीवर औषधांची पिशवी घेऊन फुटपाथवरच कुत्र्याशेजारी बसतात. लस, जंतांचं औषध, जखमेची मलमपट्टी, सगळं तिथंच.

आणि चिपसुद्धा! तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप सुईनं कातडीखाली सरकवतात. तिच्यात बॅटरी नसते. मग कुत्र्याच्या आयुष्यभर ती चालते कशी? खरं तर ती एरवी झोपलेलीच असते. वाचणारं यंत्र जवळ आणलं की त्याच्या चुंबकीय क्षेत्रातून तिला क्षणभर वीज मिळते, तेवढ्यात ती आपला १५ अंकी क्रमांक सांगते आणि पुन्हा गप्प होते. त्या क्रमांकापुढे नोंदवहीत मालकाचं नाव आणि फोन असतो. ज्याला स्वतःचा पत्ता नाही, त्याचा हरवलेला कुत्रा त्याच्याकडे परत येतो तो या क्रमांकामुळे.

‘स्वतःला खायला नाही, त्यांनी कुत्रा पाळावाच कशाला?’ असं विचारणारे भेटतात. मला हा प्रश्न क्रूर वाटतो, शिवाय अज्ञानातून आलेलाही. समाजशास्त्रज्ञ लेस्ली अर्विन यांनी अशा अनेक माणसांशी बोलून २०१३ साली पुस्तक लिहिलं. कुत्र्याचं पोट आधी, मग आपलं, असं त्यांना पुन्हा पुन्हा ऐकायला मिळालं. ब्रिटनमधल्या एका छोट्या पाहणीत तर बेघरांचे कुत्रे घरातल्या कुत्र्यांपेक्षा कमी लठ्ठ आढळले आणि एकटं राहण्याची घाबरगुंडीही त्यांच्यात कमी दिसली. कशी असेल? दिवसभर चालणं आणि चोवीस तास मालकाची सोबत!

ही सोबत सुटू नये म्हणून कित्येक जण निवाराही नाकारतात, कारण बऱ्याच निवाऱ्यांत प्राण्यांना मज्जाव असतो. म्हणून ‘स्ट्रीटव्हेट’ निवारे चालवणाऱ्यांनाही मदत करते, कुत्र्यासकट माणूस ठेवून घ्यायला.

सिएटलमध्ये तर याच्याही पुढची गोष्ट घडली. तिथे बेघर तरुणांसाठी असा दवाखाना निघाला, जिथे पशुवैद्य आणि माणसांचे डॉक्टर एकत्र बसतात. स्वतःसाठी दवाखान्याकडे फिरकायला तयार नसलेला मुलगा कुत्र्याला लस द्यायला मात्र येतो. कुत्र्याची तपासणी होता होता गप्पा सुरू होतात, आणि त्याच भेटीत त्याचीही तपासणी होऊ शकते.