कपाट नसलेल्या पुस्तकाचा पत्ता

पंचवीस वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तक आले की त्याची वाट ठरलेली असे. दाखल नोंदवहीत क्रमांक, मग वर्गांक, ग्रंथांक, कण्यावर चिठ्ठी आणि साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरच्या कार्डावर टंकलेली नोंद. बोधांक म्हणजे पुस्तकाचा पत्ताच. ई-पुस्तकाला कपाट नाही, मग चिठ्ठी डकवायची कुठे?

आधी तर या वस्तूचे नावच ठरेना. एएसीआर-2 या तालिका संहितेत 1978 साली ती होती 'मशीन-रीडेबल डेटा फाइल', 1988च्या आवृत्तीत 'कॉम्प्युटर फाइल' झाली आणि 2001 मध्ये 'इलेक्ट्रॉनिक रिसोर्स'. शीर्षकाला चिकटून चौकटी कंसात हे बिरुद लिहायचे. 2010 मध्ये आरडीए ही नवी संहिता आली आणि कंसच गेला. आशय, माध्यम आणि वाहक यांची नोंद मार्क या संगणकीय नोंदरचनेच्या 336, 337 आणि 338 अशा तीन क्षेत्रांत वाटली गेली. खरा नवा पत्ता मात्र 1993 पासून मार्कच्या 856 क्षेत्रात बसला होता: दुवा. एकच पुस्तक तीन विक्रेत्यांकडून आले तर तीन नोंदी होत. 2009 मध्ये विक्रेता-निरपेक्ष नोंदीचा नियम अमेरिकेत ठरला: नोंद एक, दुवे अनेक.

आपल्याकडे 2010 मध्ये इन्फ्लिबनेट या ग्रंथालय-जाळ्याच्या एन-लिस्ट योजनेमुळे महाविद्यालयांना हजारो ई-पुस्तके एका फटक्यात खुली झाली. दिवसाला वीस-पंचवीस पुस्तके हातावेगळी करणारे आम्ही, तयार नोंदींचे गठ्ठे रात्रीतून कोहा या ग्रंथालय-प्रणालीत उतरवू लागलो. वर्गांक कोरा असला तरी कुणी थांबेना. शोधचौकट आहे की! मग एका वर्षी एक वर्गणी संपली आणि दुवे मेले. वाचक क्लिक करून आमच्याकडे भांडायला येत. नोंदी काढून टाकायला महिना गेला. भरताना एक रात्र लागली होती.

वर्गांकाला दिलेली सुट्टी मला आजही चूकच वाटते. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी 1933 मध्ये द्विबिंदू वर्गीकरण मांडले तेव्हाही त्यांचे लक्ष निव्वळ फळीकडे नव्हते. एका विषयाचे पैलू उलगडणे आणि सोयरे विषय शेजारी आणणे हे त्यांना हवे होते. शोधचौकटीला सोयरीक कळत नाही, तिला अक्षरे कळतात. आणि मराठी पुस्तकांच्या रोमन नोंदींत अक्षरांचाच घोळ. 'ज्ञ' कुणी जे-एन लिहितो, कुणी डी-एन-वाय. ज्ञानेश्वरी एकाने शोधली तर दिसते, दुसऱ्याने शोधली तर गायब. ड्युई वर्गीकरणात ती गीतेसोबत 294.5924 मध्ये ठेवायची की मराठी काव्यात, 891.461 मध्ये, हे भांडण जुनेच आहे आणि त्यात मजाही आहे. पण एकदा ठरवले की स्पेलिंग काहीही असो, त्या ग्रंथालयातल्या साऱ्या प्रती, कागदी आणि पडद्यावरच्या, एका आकड्याखाली जमतात. कोरे राहिलेले ते वर्गांक आम्ही आता एकेक करून भरतो आहोत. सुरुवात 891.46 पासून केली.