शेते गेली, आगेरा राहिला

दसऱ्याला आपण दाराशी भाताच्या लोंब्या बांधतो ना? अंधेरी-मरोळच्या गावठाणांतले ईस्ट इंडियन ख्रिस्ती बांधव त्याच सुमारास, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, लोंब्या वाजतगाजत देवळात नेतात. पाद्रीबाबा त्यांवर आशीर्वाद देतात. हा 'आगेरा'. मात्र मरोळची शेते इमारतींखाली गेली, त्यामुळे लोंब्या बाहेरून आणायच्या! तरी सण कोणी सोडलेला नाही, आणि मला त्याचेच अधिक कौतुक वाटते.

एरवीचा आठवडा साधा. रविवारी मिस्सा, मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग. बुधवारी पुष्कळांची पावले माहीमच्या नोव्हेनाकडे, जो १९४८ पासून चालू आहे. रविवारच्या पानात फुगे आणि बाटली मसाल्याचे मटण. (हा मसाला बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून हे नाव. गृहिणींनी नोंद घ्यावी.)

या धर्मग्रामाचे मूळ देऊळ कोंदिवट्याचे, १५७९ सालचे. १८४० च्या साथीनंतर गावकऱ्यांनी ते सोडले व मरोळला नवे उभारले. जुन्याच्या भिंती आता सीप्झच्या कुंपणात आहेत. मे महिन्यातल्या एका रविवारी तिथे मिस्सा होतो, तेव्हा धर्मग्रामाची माणसे आत जातात. इतर दिवशी फाटकावर पास दाखवावा लागतो.