गरम बासुंदी, मऊ प्लास्टिक आणि आपली हार्मोन्स: नेमका धोका कुठे?

शिरोळ तालुका ऊस आणि दुधाचा. नृसिंहवाडीला दत्तदर्शन झालं की बासुंदी घरी नेणं ही तर अनेकांची ठरलेली गोष्ट. पण गरम, साईचा पदार्थ प्लास्टिकमध्ये भरताना एक प्रश्न विचारायला हवा: हे प्लास्टिक कोणतं आहे?

प्लास्टिसायझर म्हणजे काय?

पीव्हीसी मुळात कडक असतं, शेतातल्या पाइपसारखं. ते मऊ करण्यासाठी त्यात तेलकट रसायनं मिसळतात. त्यांना प्लास्टिसायझर म्हणतात. त्यातला मोठा गट थॅलेट्सचा. ती प्लास्टिकला घट्ट जोडलेली नसतात, म्हणून हळूहळू बाहेर झिरपतात. पदार्थ गरम आणि स्निग्ध असेल तर जास्तच. दूध काढण्याच्या यंत्राच्या मऊ पीव्हीसी नळ्यांमधून प्लास्टिसायझर दुधात उतरतं, हे ब्रिटनमधल्या संशोधकांनी १९९० मध्ये दाखवलं होतं.

शरीरात काय होतं?

डीईएचपीसारखी काही थॅलेट्स टेस्टोस्टेरॉन तयार होण्यात अडथळा आणतात. सर्वांत नाजूक काळ गर्भारपणाचा, कारण मुलग्याच्या जननेंद्रियांची घडण तेव्हाच होते. अमेरिकेत २००५ मध्ये शाना स्वान यांच्या अभ्यासात, गरोदरपणी ज्या आईच्या लघवीत काही थॅलेट्सचे अंश जास्त होते, त्यांच्या मुलग्यांमध्ये गुदद्वार आणि जननेंद्रिय यांच्यातलं अंतर कमी आढळलं. गर्भात पुरुष-हार्मोन कमी पडल्याची ही खूण मानली जाते.

मोठ्या पुरुषांमध्ये शुक्राणूंच्या दर्जाशीही थॅलेट्सचा संबंध दिसला आहे. मात्र संबंध दिसणं म्हणजे कारण सिद्ध होणं नव्हे. पीसीओएस प्लास्टिकमुळेच होतो, असं सांगणारे मेसेज पुढे पाठवू नका.

मग सगळंच प्लास्टिक वाईट?

नाही. पॉलिथिन (क्रमांक २, ४) आणि पॉलिप्रॉपिलिन (५) यांना मऊ करायला थॅलेट्स लागत नाहीत. पीव्हीसीचा क्रमांक ३. पुनर्वापर केलेल्या प्लास्टिकमध्ये मात्र काय मिसळलंय हे सांगता येत नाही. बीपीए हे वेगळं रसायन, ते प्लास्टिसायझर नाही. बाळाच्या दुधाच्या बाटल्यांत ते नसावं, असं भारतीय मानक २०१५ पासून सांगतं.

काय करावं?

• बासुंदी, आमटी, चहा गरम असताना पिशवीत बांधून घेऊ नका. घरून स्टीलचा डबा न्या.
• तूप, तेल, लोणचं काच, स्टील किंवा चिनी मातीत ठेवा.
• मायक्रोवेव्हमध्ये प्लास्टिकचं भांडं ठेवू नका.
• गोठ्यात यंत्र असेल तर दुधाच्या नळ्या ‘फूड ग्रेड’ आणि थॅलेटविरहित आहेत का, हे विक्रेत्याला विचारा.
• मूल होत नसेल तर ‘डिटॉक्स’वर पैसे घालवू नका. नवरा-बायको दोघांनीही तपासणी करून घ्या.

दिलासा एवढाच की शरीर बहुतेक थॅलेट्स एक-दोन दिवसांत लघवीवाटे बाहेर टाकतं. ती रोज नव्याने आत जातात म्हणून अंगात टिकून राहतात. त्यामुळे डबा बदलल्याचा फायदा मिळायला वर्षं लागत नाहीत. घरात कुणी गरोदर असेल तर आजपासूनच बदला.